बारीक दातांचा रॅचेट

वहिनीचं डोकं आठवडाभर ठिकाणावर नव्हतं, आणि त्याला कारण होता लोखंडाचा एक वीतभर दांडा.

गॅरेजमध्ये तिला सगळेच वहिनी म्हणत. खरं नातं एकट्या धाकट्या दिराशी. बाकीच्यांनी, म्हणजे कारागिरांनी, गिऱ्हाइकांनी, ऑइलचे डबे पोचवणाऱ्या टेम्पोवाल्यानेसुद्धा ते उसनं घेतलं होतं आणि परत करायचं कुणाच्या मनात नव्हतं. गॅरेजला लागून स्पेअर पार्टची चिंचोळी खोली, मधल्या भिंतीत खिडकी, आणि खिडकीत उंच स्टुलावर वहिनी. फिल्टर काढून द्यायचा, बेल्ट शोधून द्यायचा, फोन घ्यायचा, आणि "गाडी संध्याकाळी मिळेल" हे न अडखळता सांगायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला नट कुठला आणि बोल्ट कुठला हे कळत नव्हतं. आता ती बोल्ट नुसता तळहातावर घेऊन तो कुठल्या गाडीचा ते सांगायची, आणि कुणी कौतुक केलं तर उलट चिडायची. "त्यात काय एवढं? इतकी वर्षं दुसरं केलंय काय मी?"

तिचा नवरा म्हणजे गॅरेजचा मिस्त्री. अबोल माणूस. सुरुवातीला बरा बोलायचा, मग त्याला काय झालं कोण जाणे. गॅरेजची नवी पाटी रंगवून लावली त्या दिवशी तो खाली उभा राहून वर बघत होता. वहिनी मागून आली आणि म्हणाली, "छान झाली हो पाटी." अगदी मनापासून म्हणाली. त्याने मान वळवण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही. असल्या माणसाचं कौतुक करून आपल्या जिभेला का त्रास द्या, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात तक्रारी तेवढ्या उरल्या.

मिस्त्रीचं नाव होतं ते ऐकण्यासाठी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं. हे सगळेच मेकॅनिक करतात. पण काही वर्षांपूर्वी त्याने मूठ कानाला लावायचं सोडलं आणि दातांत धरायला सुरुवात केली. डोळे मिटून, दातांत मूठ धरून तो वाकलेला असायचा आणि भोवती गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी. ही काहीतरी वरच्या पायरीची विद्या आहे, असा सगळ्यांचा समज झाला. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी त्या विद्येची नक्कल सुरू केली. इथला ब्रेकवाला कारागीर तर इतका पेटला की एकदा इंजिनाला झटका बसला आणि त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. "इंजिन काय चावून बघायचंय तुम्हाला?"

या ब्रेकवाल्याचं नाव रेडिओ पडलं होतं, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे.

तर तो दांडा. व्यावसायिक हत्यारांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे दीर गेला आणि नवीनच निघालेले दोन रॅचेट घेऊन आला. रॅचेटच्या टोकाला गोटी, म्हणजे नटावर चपखल बसणारी लोखंडी वाटी, अडकवायची, ती नटावर बसवायची आणि दांडा पुढे-मागे हलवायचा. पुढे नेताना नट फिरतो, मागे आणताना दांडा कटकट वाजत मोकळा येतो, कारण त्याच्या डोक्यात दातांचं चाक असतं. संपलं. एवढ्याशा गोष्टीवर मिशा फुटलेली माणसं किती बोलू शकतात, हे वहिनीला त्या आठवड्यात कळलं.

दिराने सोमवारी सकाळी त्यातला एक मिस्त्रीच्या हातात ठेवला. "दादा, हा बघ. नवीन आलाय. नव्वद दात आहेत. तुझ्या जुन्याला हात फिरवायला किती जागा लागते, याला बोटभर हलवलं तरी पुरतं."

मिस्त्रीने दांडा फिरवला. पुन्हा फिरवला. कपाळाला आठ्या घातल्या. "हा खराब आहे."

"खराब? आत्ता खोक्यातून काढलाय."

"दात धरत नाहीत याचे. हाताला काही लागत नाही, आवाज नाही काही नाही. तुला बनवलंय त्यांनी."

"अरे, आवाज आहे की. दात बारीक, म्हणून आवाज बारीक."

मिस्त्री तोवर हत्यारांच्या पेटीकडे वळला होता. "परत करून ये. नाटकं केली त्यांनी तर मी येतो बरोबर."

"दादा, मी तुझ्यासाठी आणलाय तो," दीर म्हणाला. समोर होती मिस्त्रीची पाठ, आणि पाठ काही बोलली नाही.

दुपारपर्यंत गॅरेजचे दोन पक्ष झाले. रेडिओ बारीक दातांचा. रंगकाम करणारा जाड दातांचा, त्याचा आणि रॅचेटचा काही संबंध नसताना. रेडिओने मोबाईलवर व्हिडिओ लावले. त्यात कुणीतरी रॅचेटवर पाइप चढवून तो मोडेपर्यंत ताणत होता, आणि हे सगळे श्वास रोखून बघत होते, जणू घरातल्याच कुणाचं ऑपरेशन चाललंय. दांड्यावर रबर असावं की नसावं? ऑइलने रबर फुगतं. नुसत्या लोखंडावरून हात सटकतो. डोकं वाकणारं असावं का? वाकलं की ताकद जाते. गोटी सोडायचं बटण मागे असलं की नको तेव्हा दाबलं जातं आणि गोटी इंजिनात पडते, मग ती शोधायला निम्मा दिवस. ज्याची गाडी चाकं काढून जॅकवर उचललेली होती, तो गिऱ्हाईकसुद्धा मध्ये पडून आपलं मत देऊ लागला, तेव्हा वहिनीचा संयम संपला.

"अहो काका," ती खिडकीतून ओरडली, "तुमचीच गाडी आहे ना ती हवेत? ती खाली कुठल्या दातांनी आणायची ते आधी ठरवा, मग बाकीचं!"

"वहिनी, विषय महत्त्वाचा आहे," रेडिओ म्हणाला.

"मग पुतळा उभारा त्याचा!"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मंगळवारी दुपारी दीर खिडकीशी आला आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये जागा आहे. मी हो म्हणून आलोय. शनिवारी इथला माझा शेवटचा दिवस."

वहिनीच्या हातातला फिल्टर तसाच राहिला. "एका दांड्यावरून?"

"दांड्याचं काय घेऊन बसलात? मी विचारतो, दादा उत्तर देत नाही. परवा एका इंजिनाचं हेड उघडू का म्हणून विचारलं, सरळ निघून गेला. गिऱ्हाइकासमोर हाका मारतो, ढुंकून बघत नाही. त्यांच्यापुढे माझी काय किंमत राहते? मी काय भिंत आहे का?"

"माझ्या तरी हाकेला कुठे ओ देतात?"

"तुम्ही बायको आहात. तुम्हाला सोडून जाता येत नाही."

"कोण म्हणतं?" वहिनी फणकारली. आणि फिल्टर खोक्यात आपटला.

ती या घरात आली तेव्हा हा दीर अर्ध्या चड्डीत होता. त्याची शाळेची बटणं तिने शिवली, त्याच्या तापात ती उशाशी बसली, त्याने पहिल्यांदा पाना धरला तो मिस्त्रीच्या पायाशी बसून. आता गाड्यांमधलं वायरिंग आणि कॉम्प्युटरचं सगळं काम तोच बघायचा; त्याच्याशिवाय गॅरेज फार दिवस तग धरणार नव्हतं, हे खिडकीत बसून तिला चांगलं दिसत होतं. पण ते एक वेळ राहू दे. हे पोर नाराज होऊन उंबरठ्याबाहेर पडणार, हे तिला बघवणार नव्हतं.

रात्री जेवताना तिने मिस्त्रीच्या समोर बसून सगळं सांगितलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. घास बराच वेळ चावत राहिला.

"जायचंय त्याला तर जाऊ दे," तो म्हणाला. आणि ताटात अर्धं जेवण टाकून उठला. वहिनीला वाटलं, ताट उचलून त्याच्या पाठीवर घालावं. दगड बरा, निदान त्यावर कपडे तरी धुता येतात!

बुधवारी रॅचेटची चर्चा पुन्हा रंगली, तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढला. "आणा इकडे. नवा आणा, आणि यांचा जुनाही आणा. दोन्ही." रेडिओने मुकाट्याने दिले. तिने ते पिशवीत टाकले आणि घरी नेले.

गुरुवारी गॅरेज बंद. दुपारी मिस्त्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर वाचत होता. भिंतीला पक्क्या केलेल्या त्या टेबलाचा एक पाय कित्येक महिने डुगडुगत होता. गावभरच्या गाड्या ठीक करणाऱ्याच्या घरी चहा बशीत सांडल्याशिवाय पिता येत नाही, हे वहिनीचं जुनं दुखणं. बोल्टपाशी भिंत इतकी जवळ की मिस्त्रीचा रॅचेट तिथे फिरतच नाही, हे त्याचं जुनं उत्तर. तिने नवा दांडा घेतला, गोटी लावली आणि टेबलाखाली शिरली. भिंत आणि पाय यांच्या फटीत हात घातला. दांडा जेमतेम बोटभर हलत होता, पण बोल्ट फिरत होता. किर्र, किर्र. आवाज बारीक होता पण स्वच्छ होता, आणि दात धरत होते. उत्तम धरत होते.

"अहो, चांगला आहे की हा," ती टेबलाखालून म्हणाली.

उत्तर नाही.

"अहो, खराब कुठे आहे? ऐका तरी."

पेपरचं पान उलटलं.

वहिनी तणतणत बाहेर आली. त्याच्या मागे उभी राहिली आणि त्याच्या कानाशी दांडा फिरवला. किर्र, किर्र, किर्र. काही नाही. तिने आणखी जवळ नेला. तो वाचतोय. मग तिने ओट्यावरचा जुना रॅचेट घेतला, जाड दातांचा, ज्याचा खटखट आवाज खिडकीपर्यंत यायचा. तो कानामागे फिरवला. मिस्त्रीने जीभ लावून बोट ओलं केलं आणि पुढचं पान उलटलं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली. मग मोठ्याने.

समोरच्या कपाटाच्या काचेत तिचं प्रतिबिंब हललं तसा तो वळला. बायको दोन्ही हातांत दोन रॅचेट घेऊन उभी, डोळे भरलेले. तिला सगळं कळलंय, हे त्याला सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. म्हणजे इतकी वर्षं जेवताना तोंडाकडे बघायचा, तो म्हणून! "हळूहळू गेलं," तो म्हणाला. "आधी बारीक आवाज गेले. आता समोर माणूस नसेल तर काही कळत नाही."

"आणि इंजिन?"

"दातांत धरलं की येतं. हाडातून येतं थोडं. जाड ठोके कळतात. बारीक गेलं ते गेलंच."

"म्हणजे ती विद्या..."

"कसली विद्या? कानाला लावून काही येईना, म्हणून दातांत धरलं. लोकांनीच डोक्यावर घेतलं."

"त्या रेडिओने दात फोडून घेतला की हो!"

"मी नको म्हटलं होतं त्याला."

वहिनीला हसू आलं आणि त्याचा तिला इतका संताप आला की तिने दोन्ही रॅचेट टेबलावर आपटले. "आणि मी? मी इतकी वर्षं भांडतेय ती कोणाशी? घसा सुकवलाय मी या घरात!"

"समोरून भांडलीस तेवढं सगळं कळलंय," तो म्हणाला. "डॉक्टरकडे जायचं मनात होतं. पण डॉक्टर यंत्र देणार, ते कानात दिसणार. बहिऱ्या मिस्त्रीपुढे कोण इंजिन उघडून ठेवील? कुणाला बोलू नकोस."

"भाऊजी चाललेत परवा! त्यांना वाटतंय तुम्ही त्यांना मोजत नाही. लहानाचं मोठं केलेलं पोर, आणि तुम्ही त्याला..."

"तो मला उद्धट म्हणाला तर म्हणू दे. तेवढं परवडतं मला."

"मला नाही परवडत!" तिने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, म्हणजे एकही शब्द वाया जायला नको. "ऐका नीट. मी नाही सांगणार. माझं तोंड बंद. पण शनिवारी तो पेटी उचलून निघाला, आणि तुम्ही पाठ करून उभे राहिलात, तर ती पाठ मी उभ्या जन्मात विसरणार नाही."

शुक्रवारी तो कुणाशी बोलला नाही. तसा तो रोजच बोलत नसे, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

शनिवारी दिराने सकाळीच आपली हत्यारं गोळा करून पिशवीत भरली. फक्त स्वतःची. गॅरेजमधल्या वडिलांच्या वेळच्या पान्यांना त्याने हात लावला नाही. रेडिओसुद्धा कमी बोलत होता. वहिनी खिडकीत बसून एकच बेल्ट पुन्हा पुन्हा गुंडाळत होती.

तेवढ्यात एका सुताराची व्हॅन आली. इंजिनातून आवाज येतोय म्हणाला, कधी येतो, कधी जातो. नेहमीसारखी गर्दी जमली. मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ दातांत धरली. डोळे मिटले. जागा बदलली. पुन्हा धरली. सुतार बघत होता, रेडिओ बघत होता. मिस्त्रीने डोळे उघडले, आणि वहिनीला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की त्याला काही कळलेलं नाही. बेल्ट तिच्या हातातून सुटला.

तो काहीही ठोकून देऊ शकला असता. कुणी त्याला विचारणार नव्हतं. पण त्याने मूठ तोंडातून काढली, शर्टाला पुसली आणि गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला, पिशवीच्या बंदाशी झटणाऱ्या भावाकडे बघून म्हणाला, "इकडे ये."

दीर आला. मिस्त्रीने त्याला खांद्याला धरून उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "तू ऐक आणि मला सांग. बोलताना माझ्याकडे बघ. तोंड दिसलं पाहिजे."

"म्हणजे?"

"ऐकू येत नाही मला."

दीर त्याच्याकडे बघत राहिला. "दादा... कधीपासून?"

"तू विचारत होतास आणि मी उत्तर देत नव्हतो, तेव्हापासून."

दिराने खाली बघितलं, वर बघितलं. मनगटाने नाक पुसलं. मग वाकून त्याने टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली, सगळे लावतात तशी. एका जागी, मग दुसऱ्या. बराच वेळ घेतला. उठला तेव्हा त्याने भावाच्या अगदी समोर येऊन एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "पाण्याचा पंप. बेरिंग घरघरतंय."

"बरोबर ऐकलंस?"

"बरोबर."

"तिथे माझा रॅचेट फिरत नाही," मिस्त्री म्हणाला. "तू आणलेला दे. बारीक दातांचा."

वहिनीने तो खिडकीतून पुढे केला. काल आणि आज ती तो पिशवीत घालून घेऊन आली होती, का ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. इंजिन बंद केलं, थोडं निवू दिलं, आणि मिस्त्रीने कोपरापर्यंत हात आत घातला. दांडा हलत होता. हाताला लागत नव्हतं, कानाला तर नव्हतंच. त्याने मान वर करून विचारलं, "धरतोय?"

दिराने कान आत नेला. "धरतोय."

थोड्या वेळाने पुन्हा, "धरतोय?"

"धरतोय रे दादा, फिरव तू."

सुताराने गाडी तिथेच ठेवली. तो जाताना एवढंच म्हणाला, "दोघं बघताय ना? मग ठीक आहे." रेडिओला कंठ फुटला आणि तो सगळ्यांना सांगू लागला की आपल्याला हे केव्हाच कळलं होतं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दिराची पिशवी दाराशी तशीच पडून होती, आणि दुपारी तिच्यातला एक पाना हवा होता म्हणून त्याने ती रिकामी केली.

संध्याकाळी मिस्त्री बाहेर हात धूत होता. वहिनी स्टुलावरून उतरली, वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाटी छान झाली हो!"

मिस्त्रीने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग वर बघितलं. पाटीचा रंग कधीच उडाला होता, अर्धी अक्षरं पुसली गेली होती आणि एका कोपऱ्यातून पत्रा गंजला होता.

"आत्ता सांगतेस?" तो म्हणाला.